सत्यभामेचा पारिजातक आणि आमची गॅलरी

पेठेतला वाडा पाडायचं ठरलं आणि आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. सामान हलवताना सासूबाईंनी पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, सगळं मुकाट्यानं देऊन टाकलं. अडून बसल्या त्या एकाच गोष्टीसाठी. म्हणाल्या, "अंगणातला पारिजातक उचलून नेता येणार नाही, ते कळतं मला. पण नव्या घरी एक हवाच. देवाला लक्ष वाहायचाय, त्याची फुलं काय विकत आणायची?"

आम्ही नर्सरीत गेलो, गुडघाभर उंचीचं ताजंतवानं रोप निवडलं, मोठी कुंडी आणली आणि पूर्वेच्या गॅलरीत त्याची स्थापना केली. रोप वाढलं. पानं खरखरीत, हिरवीगार. एक श्रावण गेला, दुसरा गेला. फूल म्हणून नाही. सासूबाई बोलत काही नसत, पण पहाटे गॅलरीचं दार उघडून फरशीकडे बघत आणि दार लावून घेत. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागे.

त्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका वयस्क माळीबुवांना गाऱ्हाणं सांगितलं. खत कुठलं घालू, असा माझा प्रश्न. त्यांनी उलट विचारलं, "ताई, ऊन किती तास येतं?" मी गप्प. रोपाची उंची पाहिली होती, कुंडीचा रंगसुद्धा पाहिला होता. ऊन मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं. समोर नवी इमारत उभी राहिल्यापासून जेमतेम दोन तास. पारिजातकाला निदान पाच-सहा तास तरी हवं.

कुंडीत झाड लावू म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. झाड निवडायच्या आधी जागा वाचा. सकाळी सातपासून दर तासाला गॅलरीत डोकावून ऊन कुठून कुठे सरकतं ते वहीत टिपा. मात्र हिवाळ्यातल्या एका दिवसावर विसंबू नका. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेची गॅलरी उन्हानं भरते. मेच्या मध्यावर पुण्यात तो दुपारी थेट डोक्यावर येतो, मग जुलैअखेरपर्यंत जरा उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबची सावली पडते आणि एरवी थंडगार असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन शिरतं. म्हणून दोनदा मोजा, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये.

भरपूर ऊन असेल तर पारिजातक लावा, देवचाफा लावा. देवळांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला हा देवचाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, पण आता आपल्यातलाच झालेला. त्याची फांदी लावायची तर आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा. हिवाळ्यात पानं गळून तो नुसता खराटा दिसतो. झाड मेलं म्हणून टाकून देऊ नका आणि घाबरून जास्त पाणीही घालू नका. तो कुजतो तो पाण्यानंच. सोनचाफ्याची हौस असेल तर कलमी रोपच घ्या. बियांपासून वाढलेलं रोप फुलायला बरीच वर्षं लावतं, कलमाला वर्षा-दोन वर्षांतही फुलं येतात. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले धुमारे मात्र वेळच्या वेळी काढायला हवेत.

तीन-चार तासांचं ऊन असेल तर कुंती, तगर, अनंत. कुंती ही आपल्या कढीपत्त्याची सख्खी नातलग. पानं तशीच, पण चकचकीत. छाटून हवा तसा आकार देता येतो. अनंत थोडा नाजूक. त्याला किंचित आंबट माती लागते. बोअरच्या जड पाण्यानं त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊन अगदीच कमी असेल तर फुलांचा मोह सोडावा आणि रबराच्या झाडासारखं पानांचं काहीतरी आणावं.

गुलमोहर, नीलमोहर यांची रोपं नर्सरीत फार गोड दिसतात. पण ती मैदानातली माणसं. कुंडीत फुलण्याची आशा धरू नये. घरात लहान मूल असेल तर कण्हेर आणि बिट्टी आणूच नका. दोन्ही विषारी आहेत, बिट्टीच्या बिया तर फारच.

आता कुंडीचं. १८ इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट ८० किलोंच्या आसपास जाते, म्हणजे एक धडधाकट माणूस गॅलरीत कायमचा उभा! अशा चार-पाच कुंड्या कठड्याजवळ ओळीनं मांडण्याआधी इंजिनिअरला विचारलेलं बरं. घराच्या भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवल्या तर त्यातल्या त्यात चांगलं. काळी माती वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पोयट्याची लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीतही घालू नये. मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओलीच राहते आणि मुळं सडतात. दर वेळी दोन-तीन इंचांनी कुंडी वाढवावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डासांना तेवढंही पुरतं.

आणि लोक जे विसरतात ते म्हणजे मुळं. कुंडीतलं झाड दोन-तीन वर्षांत भिंतीला भिडतं आणि मुळं गोल गोल फिरू लागतात. मग पावसाच्या तोंडावर ते बाहेर काढून कडेची इंचभर मुळं छाटायची, तेवढ्याच फांद्या वरून छाटायच्या आणि नव्या मातीत पुन्हा बसवायचं. ज्याला हे झेपणार नाही त्यानं झुडूप लावावं, झाड लावू नये.

आमच्या पारिजातकाचं काय झालं? पहिल्या पावसात सोसायटीच्या फाटकाजवळ, दिवसभर ऊन असलेल्या कोपऱ्यात तो जमिनीत लावला आणि गॅलरीत कुंती आणली. सासूबाई आठ दिवस घुश्शात. "मी मागितलं काय, तुम्ही आणलंत काय!" जूनच्या सरींनंतर एका रात्री कुंती अशी फुलली की वासानं जाग आली. सकाळी त्यांनी त्यातली चार फुलं देवाला वाहिली. "वास बरा आहे," एवढंच म्हणाल्या.

फाटकाजवळचा पारिजातक आणखी दोन वर्षांनी फुलला. गुडघे दुखत असूनही सासूबाई कठडा धरून तीन मजले उतरत, हातात परडी. तोवर तळमजल्यावरच्या काकूंनी अर्धी फुलं वेचलेली असत. सत्यभामेच्या अंगणातल्या पारिजातकाची फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडे ती रोज सकाळी सहा वाजता घडू लागली. थोडे दिवस रुसवेफुगवे झाले. मग एके दिवशी मी वरून पाहिलं, तर दोघी पायरीवर बसून एकाच ताटात फुलं मोजत होत्या. लक्ष पुरा व्हायला दोन पावसाळे लागले. तो दोघींच्या नावानं वाहिला.

सासूबाई आता नाहीत. काकूंच्या परडीतली ओंजळभर फुलं मात्र पावसाळ्यात अजून आमच्या देवघरात येतात. कुंतीची मुळं मी यंदाही छाटली.

तुमच्या घरी कुंडी अजून रिकामी असेल तर आज नर्सरीत जायची घाई करू नका. रविवार आहे, घरातच आहात. एक वही आणि पेन्सिल घेऊन गॅलरीत ऊन कुठवर आलंय ते बघून या.