अष्टमीची होडी

मी फोनवर शनिवार म्हटलं. पलीकडून देवबागच्या तांडेलकाकांनी विचारलं, "शनिवारी तिथ खंयची?" मला तिथी माहीत नव्हती. त्यांनीच क्षणभर थांबून हिशेब केला आणि सांगितलं, "तुमच्या शनिवारी पुनव येता. उधाणाचा पाणी असतला. ताच्या आदल्या आठवड्यात अष्टमी आसा, तेव्हा येवा. भांगाचा पाणी बरा." होडी भाड्याने घ्यायची तर लोक आधी दर ठरवतात. आमचा आधी दिवस ठरला, तोही त्यांच्या पंचांगाने.

आम्ही मुळशीची माणसं. पौड सोडून पुढे गेलं की धरणाच्या काठाकाठाने जो रस्ता ताम्हिणी घाटाकडे जातो, त्याच्या कडेला आमचं गाव आहे. घरातून बाहेर पडलं की समोर पाणी, असं मी जन्मापासून पाहत आले आहे. तरी बाबांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्रात होडी घातलेली नव्हती. बेटं आणि गुहा म्हटलं की आमच्याकडे सगळे घारापुरीला जातात. पण ती लेणी माणसाने कोरलेली. बाबांना समुद्राने स्वतः पोखरलेली गुहा बघायची होती. म्हणून वेंगुर्ल्याच्या वायव्येला, किनाऱ्यापासून बरंच आत असलेल्या खडकाळ बेटांकडे जायचं ठरलं. नकाशावर त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, इंग्रजांनी बर्न्ट आयलंड्स असंही नाव दिलं होतं. देवबाग-तारकर्लीत पर्यटकांच्या तोंडी 'निवती रॉक' आहे. लहानमोठे मिळून वीसएक खडक, त्यातले मोजकेच मोठे, एकावर दीपगृह.

पहाटे साडेपाचला आम्ही कर्ली खाडीच्या काठावर होतो. फायबरची होडी, मागे मशीन, वर कापडाचं छत, बारा माणसं बसतील एवढी. आम्ही चौघंच होतो : बाबा, मी, भाऊ आणि वहिनी. होडी पूर्ण आपली, दुसरं कोणी नाही, असा हा सौदा. तांडेलकाकांबरोबर त्यांचा मुलगा होता. त्याने आधी बाबांना लाइफ जॅकेट घातलं, बकलं लावली आणि दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून बघितलं. ढिलं असतं तर ते हनुवटीपर्यंत सरकलं असतं. मग माझं, मग बाकीच्यांचं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं गेली. त्यानंतर कुठल्याही होडीत जॅकेट अंगात आहे की बाकाखाली, हे मी बघतेच. इथे मला बघावं लागलं नाही.

निघायची वेळही तिथीनेच ठरली होती. कोकणात भरतीचा तोंडी हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच रोज पुढे सरकते, त्याचा हा सुटसुटीत केलेला हिशेब आहे. घड्याळाच्या मिनिटाला तो पुरत नाही, पण होडी पाण्यात घालायला पुरतो. आणि अष्टमीलाच का? अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात येते, चढउतार कमी, म्हणून प्रवाहही मंद. तो भांग. खडकांजवळ होडी उभी करायची असेल तर मंद पाणी हवं. दुसरं म्हणजे खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ही वाळू दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. भरलेल्या पाण्यावर ती ओलांडावी आणि उजेडही असावा, हे दोन्ही अष्टमीच्या सकाळी जमतं.

सव्वासहाला दोर सुटला. खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत पाणी तेलासारखं होतं. मग काकांनी मशीन हळू केलं, जवळजवळ बंदच. समोर लाटा फुटत होत्या, फार मोठ्या नाहीत, गुडघ्याएवढ्या. ते उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. मुलगा नाळेवर उकिडवा बसला होता, त्याने उजवा हात बाजूला केला. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरीच्या पाठीवर काकांनी मशीन ओढलं आणि आम्ही पलीकडे होतो. पाव मिनिटाचं काम. बाबा मला हळूच म्हणाले, "बैलगाडी ओढ्यात घालताना असंच थांबायचो."

बाहेर मतलई वारा होता, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा तिकडे वाहतो. दिवस चढला, जमीन तापली की उलटतो, मग तो खारा वारा. थंडीच्या दिवसांत या दोन वाऱ्यांच्या मधे समुद्र काही तास गुळगुळीत असतो. काकांचा सगळा दिवस त्या काही तासांत बसवलेला होता. डावीकडे भोगवे, मग निवतीचा किल्ला, उन्हात पिवळे होऊ लागलेले खडक, हे सगळं मागे पडलं आणि पुढे फक्त पाणी.

तेव्हा काकांनी बाबांना विचारलं, "बाबानू, तुमी खंयचे?"

"मुळशीचे. पुण्याकडं."

"थंय दर्या नाय."

"धरण आहे. मोठं."

"मगे धरणाच्या पाण्याक भरती कधी येता?"

बाबांनी विचार केला. "वर्षातनं एकदा," ते म्हणाले. "श्रावणात भरतं, वैशाखात उतरतं."

मला हे कधी सुचलं नव्हतं. आमच्या तलावातही बेटं आहेत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या टेकड्यांचे माथे वर येतात, पावसाळ्यात पुन्हा जातात. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांनी धरण बांधायला घेतलं तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला; पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. धरण झालंच. आमच्या पणजोबांची भातखाचरं त्यात गेली. आणि ते पाणी मूळच्या वाटेने पुण्याकडे, भीमेकडे, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे न जाता सह्याद्री फोडून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरलं. १९२७ पासून तिथे वीज होते आणि पाणी कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. बाबांनी हे सगळं काकांना सांगितलं, मशीनच्या आवाजावरून ओरडून. काकांनी ऐकलं. मग सुकाणूवरचा हात न काढता, डोळे पाण्यावर ठेवूनच म्हणाले, "म्हणजे तुमचा पाणी आमच्या दर्यात येता." बाबा होडीच्या कडेवरून वाकले, ओंजळभर पाणी घेतलं आणि चाखलं.

आठच्या सुमाराला बेटं स्पष्ट झाली. दुरून ती काळपट दिसत होती, जवळ गेल्यावर वरचा भाग पांढरा, पक्ष्यांच्या विष्ठेने. एक काकण दीपगृहाच्या बाजूने संथ फेरी मारत होता, पोटाखाली पांढराशुभ्र. हा समुद्री गरुड आम्ही डोंगरातल्या माणसांनी कधी पाहिलेला नसतो.

काकांनी आधीच सांगितलं होतं, "उतराक मिळाचा नाय. गुहेतय जावचा नाय. तोंडासमोर उभे रवया." भावाने विचारलं, होडी आत जाईल एवढं तोंड दिसतंय, मग का नाही? काकांनी उत्तर दिलं नाही, होडी फिरवली. नाळ समुद्राकडे, मागची बाजू गुहेकडे. नांगर टाकला नाही. मशीन चालूच, हळू. मुलगा मागे लांब बांबू घेऊन उभा. येणारी प्रत्येक लाट होडीच्या तोंडावर घ्यायची, तिने मागे ढकललं की तेवढंच मशीन पुढे द्यायचं. वीस मिनिटं आम्ही त्याच जागी होतो आणि वीस मिनिटं त्या माणसाचा उजवा हात एकदाही थांबला नाही. एका जागी राहणं हेच त्यांच्या कामातलं सगळ्यात कष्टाचं असावं.

मग भावाच्या प्रश्नाचं उत्तर गुहेनेच दिलं. एक लाट आमच्या खालून गेली, आम्हाला जेमतेम उचललं, इतकी ती साधी होती. ती गुहेत शिरली. क्षणभर काही नाही. मग आतून घुम्म असा आवाज आला, छातीत जाणवणारा, आणि तोंडातून धुक्यासारखे तुषार बाहेर फेकले गेले. गुहा अशीच होते. खडकाला आधीपासून चिरा असतात. लाट आत शिरते तेव्हा चिरेतली हवा कोंडते, दाबली जाते, लाट मागे फिरली की एकदम सुटते. दाब आणि सुटका, दिवसरात्र, शतकानुशतकं. खडकाचा कण निघतो, मग तुकडा. ज्या लाटेने आम्हाला फक्त हलवलं तिने आत छतापर्यंत पाणी नेलं होतं. होडी आत असती तर छताला लागली असती.

तोंडाची खालची कडा जवळून बघण्यासारखी होती. पाणी उतरत होतं, म्हणून रोज बुडणारा हातभर पट्टा उघडा पडला होता : खाली हिरवं शेवाळ, त्यावर खडकाला चिकटलेले राखाडी शंख, त्यावर कोरडी रेघ. धरणाच्या काठावर असाच पट्टा असतो, पण तो बोडका, लाल मातीचा, त्यावर काही जगत नाही. इथे दिवसातून दोनदा बुडायची आणि दोनदा उघडं पडायची सवय झालेलं सगळं जगत होतं.

आणि मग पाकोळ्या. गुहेत न जाण्याचं दुसरं कारण त्या होत्या. बोटभर लांबीच्या शरीराचे, कोयत्यासारख्या पंखांचे करडे पक्षी अंधारातून सुटत होते, आमच्या छतावरून जात होते, परत वळत होते. ही भारतीय पाकोळी, पश्चिम घाटाच्या पट्ट्यात आणि श्रीलंकेतच आढळणारी. ती गुहेच्या काळोखात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते आणि छताजवळच्या कातळाला स्वतःच्या लाळेने अर्ध्या वाटीएवढं घरटं चिकटवते. त्यात दोन पांढरी अंडी. या बेटांवरच्या पाकोळ्यांवर आणि सुरय पक्ष्यांवर हुमायूं अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं. पूर्वेकडच्या देशांत या लाळेच्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून त्यांना मोठी किंमत येते. त्या किमतीपायी या गुहांत बांबूच्या परांच्या उभ्या राहिल्या, घरटी खरवडून नेली गेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी या तस्करीचा माग काढला, ती थांबवण्यासाठी झटले आणि पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. लाळ वाळवून भिंतीला थर लावत जाणं हे कित्येक दिवसांचं काम. ते खरवडून काढायला किती क्षण लागत असतील, याचा विचार करून मला तिथे बसल्याबसल्या राग आला, आजही येतो.

"थंयसर तेंची घरां आसत," काका म्हणाले. "आमच्या मशीनचो धूर कित्याक व्हयो तेंका?" भाऊ काही बोलला नाही. त्याने कॅमेराही खाली ठेवला होता.

बरोबर आणलेले कांदेपोहे आम्ही पुढच्या खडकाच्या आडोशाला खाल्ले. कार्यक्रमात अजून एक बेट होतं, दीपगृहाच्या पलीकडचं, तिथे पाणी इतकं नितळ असतं की तळ दिसतो असं ऐकलं होतं. साडेनऊला काकांनी मान वळवली. मला काही कळलं नाही. मुलाने छताच्या कडेला बांधलेल्या चिंधीकडे बोट केलं. सकाळपासून ती समुद्राकडे उडत होती, आता नुसती लोंबत होती. "वारो पडलो," काका म्हणाले. "आता फिरतलो. चला."

वहिनीचा चेहरा उतरला. भावाने घड्याळ दाखवलं, आपलं बाराचं ठरलं होतं म्हणाला. पैसे पूर्ण दिवसाचे होते, हे त्याने बोलून दाखवलं नाही, तरी सगळ्यांना ऐकू आलं. काकांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "पैसे परत देतंय. थंय जावचा नाय." बाबांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्या तलावावर दुपारी ताम्हिणीकडून वारा सुटला की नाव काठाला लावायची, हे बाबा लहानपणी पलीकडच्या तीरावर मामाकडे जाताना शिकले होते. तिथे आज्जी कधी नावाड्याशी वाद घालत नसे.

निम्म्या वाटेवर पाण्याचा रंग बदलला. आधी सुरकुत्या आल्या, मग वायव्येकडून वारा कानाला लागला, मग एकेक पांढरा शेंडा. होडी तिरकी घेत काका प्रत्येक लाटेवर मशीन कमी-जास्त करत राहिले. आम्ही भिजलो, पण धास्तावण्यासारखं काही झालं नाही. खाडीच्या तोंडाशी पाणी उतरलेलं होतं आणि सकाळी नव्हती ती वाळूची पाठ आता दिसत होती. मुलाने नाळेवरून बांबू टेकवून खोली बघितली, डावा हात केला, आणि आम्ही त्या पाठीच्या कडेने अरुंद पाण्यातून आत आलो. अकराला दहा कमी होते. मागे समुद्र पांढऱ्या शेंड्यांनी भरला होता.

काठावर उतरल्यावर भावानेच ठरलेले सगळे पैसे पुढे केले. काकांनी त्यातले पाचशे परत त्याच्या खिशात घातले आणि गोड्या पाण्याने मशीन धुवायला बसले. बाबा शेजारी वाळूत बसले. पाकोळ्या अंडी कधी घालतात, त्यांनी विचारलं. शिमग्यानंतर, पावसाच्या तोंडापर्यंत, काका म्हणाले. पावसाळ्यात होड्या बंद, श्रावणात नारळ सोडला की मासेमारी सुरू, पण बेटांकडे जायचं ते दिवाळीनंतरच.

बाबांनी बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. नवमी, दशमी, एकादशी करत पौर्णिमेपर्यंत आले, तिथून पुढे परत एकापासून. आठाला थांबले.

"वद्य अष्टमी," ते म्हणाले. "सकाळी सहाला भरती. येऊ?"

काकांनी मशीनवरून मान वर केली नाही. "वारो बघून फोन करा," म्हणाले.