प्रार्थनेला अडथळा कोणाचा?

हैदराबादच्या तेलुगू चर्चमध्ये दिवसा भरणाऱ्या उपवास प्रार्थनेला गेले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या बायका. सतरंजीवर एका बाजूला त्या दाटीवाटीने बसलेल्या असतात; समोरची पुरुषांची बाजू बहुतेक मोकळी. भेटताना सगळ्या एकमेकींना ‘वंदनालु’ म्हणतात, पाळकाला ‘अय्यगारू’ आणि त्यांच्या पत्नीला ‘अम्मगारू’. संदेश संपला की विनंतीच्या चिठ्ठ्या पुढे येतात. आजारपण, मुलाची नोकरी, कर्ज आणि ‘कुटुंबात शांती मिळावी’. ही शेवटची विनंती लिहिणारीच्या घरी दारू असते, मारझोड असते, नवऱ्याचे बाहेर कुणीतरी असते, नाहीतर आखातात गेलेल्या नवऱ्याचा फोन कित्येक महिन्यांत आलेला नसतो. अय्यगारू डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, कपाळाला तेल लावतात. पुष्कळदा खरी कहाणी बाहेर पडते ती त्यानंतर, अम्मगारूंजवळ, हलक्या आवाजात.

या शहरात अशी दारे अनेक आहेत. सिकंदराबादचे सेंट मेरीज चर्च १८५० सालचे. २००८ साली त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला. मुशीराबादजवळचे ‘हेब्रोन’ हे पंजाबात शीख घराण्यात जन्मलेल्या भक्तसिंगांनी वाढवलेल्या मंडळ्यांचे केंद्र. शिवाय गल्लीबोळांतल्या भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या लहानलहान मंडळ्या आहेत. कॅथलिक नोव्हेना म्हणतात, मरियेच्या वेदीपुढे मेणबत्ती लावतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या रात्रभर जागून प्रार्थना करतात. उपासनेच्या रीती वेगळ्या असल्या तरी मोडकळीला आलेला संसार घेऊन येणारी बाई सगळीकडे सारखीच, आणि बहुधा एकटीच आलेली असते.

मला हे एकटेपण खटकते, कारण पवित्र शास्त्राने ही जबाबदारी एकट्या बायकोवर टाकलेली नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात, तो नवऱ्यांना बजावतो की पत्नीशी समंजसपणे वागा, जीवनाच्या कृपादानात ती तुमच्या बरोबरीची वारस आहे हे ओळखून तिला मान द्या, नाहीतर तुमच्याच प्रार्थनेत अडथळा येईल. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले ‘पत्नींनो, अधीन असा’ हे लग्नात हमखास वाचले जाते. त्याच्या आदल्याच वचनात सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे म्हटले आहे, आणि पुढे नवऱ्याकडून ख्रिस्ताने मंडळीसाठी केला तसा आत्मत्याग मागितला आहे. पेत्राचे ते वचन मात्र व्यासपीठावरून क्वचित ऐकू येते. ते नवऱ्यांसमोर वाचले जावे, आणि त्यासाठी आधी नवऱ्यांना बोलावले जावे, असे मला मनापासून वाटते. जो पाळक चिठ्ठी वाचून थांबत नाही, संध्याकाळी त्या घरी जातो, नवऱ्याशी बोलतो आणि दोघांना शेजारी बसवून प्रार्थना करतो, त्याने निम्मे काम केले असे समजावे.

प्रार्थनेने नेमके काय होते, हा प्रश्न श्रद्धावानालाही पडतो. अमेरिकेत नॅथनिएल लॅम्बर्ट, फ्रँक फिंचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना आपल्या जोडीदारासाठी प्रार्थना करायला सांगितली, तर काहींना जोडीदाराचे नुसते वर्णन करायला. प्रार्थना करणाऱ्यांची क्षमा करण्याची तयारी अधिक दिसली. ही प्रार्थना जोडीदाराचे भले व्हावे म्हणून होती, ‘त्याला सुधार’ म्हणून नव्हे. आपल्याकडची बरीच प्रार्थना या दुसऱ्या जातीची असते. तीत तक्रार देवाकडे नोंदवली जाते आणि माणूस होता तिथेच राहतो. एकमेकांचे नाव घेऊन भले मागू लागले की बोलणे पुन्हा सुरू होण्याची वाट निघते, आणि ज्यांचे खरोखर जुळले त्यांच्या साक्षींत हे पुन्हा पुन्हा ऐकू येते.

पण क्षमा म्हणजे मार खाणे नव्हे. कॅथलिकांत कठीण संसारांची कैवारी म्हणून सेंट रीटाला शरण जातात. ही पंधराव्या शतकातली इटालियन स्त्री. तापट नवऱ्याला तिने सहनशीलतेने बदलले असे सांगतात. तिच्या कथेच्या आधाराने जखमी बाईला पुन्हा त्याच घरी पाठवणारा सल्ला मला पापच वाटतो. चर्चचा कायदाही तसे म्हणत नाही. जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा कॅनन कायद्याच्या ११५३व्या कलमात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतिसिया’ या उपदेशपत्रात, काही वेळा वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे स्पष्ट लिहिले. देशाच्या कायद्यात मात्र ख्रिस्ती बाईला फार वाट पाहावी लागली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे दोघांसाठीही स्वतंत्र कारण झाले आणि परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला तरी कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात सांगितले आहे. हे सारे एकट्या चर्चने सुटत नाही, म्हणून हैदराबादच्या पाळकाकडे तेलाच्या बाटलीशेजारी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि पोलिसांच्या ‘भरोसा’ केंद्राचा पत्ताही असायला हवा.

मराठी वाचकाला अशा संसाराचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उधळला. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांकडे राहिल्या. मग त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, तर आपले सोवळे-ओवळे सांभाळून, स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी ते चालू दिले. बाप्तिस्मा लक्ष्मीबाईंनी १९०० साली घेतला, तोही स्वतःचे मन वळल्यावर. प्रार्थना करणाऱ्या माणसाने जोडीदाराला वेळ द्यायचा असतो, तो असा. देवाचे काम आपल्या हातात घेऊन तिला ढकलायचे नसते. एवढे होऊनही टिळकांचा तापटपणा गेला नाही, घरातली भांडणेही थांबली नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी ती मोकळेपणाने सांगितली आहेत, नवऱ्याला देव न करता. उपवास प्रार्थनेत साक्ष देणाऱ्या बायकांनाही तितक्याच मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, आणि संसार अजून सुरळीत झाला नसेल तर तेही सांगता आले पाहिजे.