खेळातल्या पोथ्या



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून एका स्नेह्यांनी मला वाटेत अडवले. "ज्ञानसत्रात खेळ कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटले, विषय खेळाचा नाही, ग्रंथांचा आहे. मात्र हे ग्रंथ ज्या जगात लिहिले गेले ते जग अस्तित्वात नाही, एवढीच काय ती अडचण.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या पुतण्यामुळे. सुटीत तो आमच्याकडे आला होता आणि संगणकावर एक खेळ खेळत बसला होता. तलवारी, गुहा, राक्षस असा सगळा मामला. थोड्या वेळाने पाहतो तो आवाज थांबलेला आणि हा पडद्याकडे टक लावून बसलेला. पडद्यावर एक उघडे पुस्तक होते आणि तो पाने उलटीत ते वाचत होता. विचारले तेव्हा म्हणाला, "काका, हे पुस्तक मागच्या खेळातही होतं. त्याला आता दोनशे वर्षं झाली." हे वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे, आणि वार लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचे. पुढे संगणक घरोघर आले, तशी गोष्ट सांगणाऱ्याची जागा यंत्राने घेतली. पण यंत्राची स्मृती तेव्हा फार तोकडी. १९८५ साली रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा'मालेतला चौथा खेळ आला, तेव्हा त्या देशाचा इतिहास आणि मंत्रविद्या सांगणाऱ्या दोन छापील पुस्तिका आणि कापडावरचा नकाशा खोक्यातच घालून दिलेला होता. ग्रंथ खेळाच्या बाहेर होता. तबकडीवर जागा वाढली तसा तो हळूहळू आत शिरला.

आत शिरल्यावर त्याचे काय झाले हे पाहायला 'एल्डर स्क्रोल्स' या मालेइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा या कंपनीने ती १९९४ साली सुरू केली. १९९६ चा 'डॅगरफॉल', २००२ चा 'मॉरोविंड', २००६ चा 'ऑब्लिव्हियन' आणि २०११ चा 'स्कायरिम' हे तिचे पुढचे मुख्य खेळ. सगळे टॅम्रिएल नावाच्या एकाच कल्पित खंडात घडतात, पण निरनिराळ्या काळी. 'मॉरोविंड' तिसऱ्या युगाच्या ४२७ व्या वर्षी घडतो. ते युग ४३३ साली संपले. 'स्कायरिम' चौथ्या युगाच्या २०१ व्या वर्षातला. म्हणजे मध्ये दोनशे सात वर्षे गेली. माझ्या पुतण्याचा हिशेब चुकला नव्हता.

या दोनशे वर्षांत राजघराणी बुडाली, एक ज्वालामुखी फुटून देश उद्ध्वस्त झाला. तरीही '२९२०' नावाची, महिन्याला एक खंड अशा बारा खंडांची ऐतिहासिक कादंबरी दोन्ही खेळांत सापडते. साम्राज्याचा संक्षिप्त इतिहास सापडतो. बरेंझाया नावाच्या राणीची दोन चरित्रे सापडतात, एक दरबारमान्य आणि दुसरे तिची खासगी लफडी उघडी करणारे. हे दुसरे चरित्र 'डॅगरफॉल'मध्ये प्रथम आले तेव्हा त्यात एक बराच धीट प्रसंग होता. 'मॉरोविंड'मध्ये तो गाळला गेला. म्हणजे कल्पित ग्रंथालाही खरीखुरी कात्री लागली आणि खरेखुरे पाठभेद तयार झाले! दोन्ही प्रती शेजारी ठेवून ताडून पाहणारे हौशी अभ्यासक आहेत. त्यांची चिकाटी एखाद्या संशोधन मंडळाला शोभेल.

आता कोणी म्हणेल, जुनाच मजकूर पुन्हा वापरला, कारण नवा लिहायला वेळ आणि पैसा लागतो. त्यात तथ्य आहे. एक किल्ला चितारायला माणसे लागतात आणि कित्येक आठवडे लागतात. हजार वर्षांपूर्वी पडलेला किल्ला पुस्तकातल्या दोन ओळींत उभा राहतो आणि पडतोही. शिवाय वाचायला लालूच असते. काही पुस्तके पहिल्यांदा उघडली की खेळणाऱ्याचे एखादे कौशल्य एका अंशाने वाढते. नुसते पुस्तक उघडून तलवारबाजी सुधारते हे आपल्या शाळामास्तरांना पटेल असे वाटत नाही. पण एवढ्यावर विषय संपत असता, तर मी आपला वेळ घेतला नसता.

खरी गोष्ट निराळीच आहे. ही पुस्तके खोटे बोलतात, आणि ती खोटे बोलतात हे लेखकांना ठाऊक आहे.

'मॉरोविंड'चा प्रमुख रचनाकार केन रोल्स्टन हा मूळचा कागदावरच्या भूमिका-खेळांचा लेखक. त्या खेळात इतिहास सांगणारा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या पक्षाचा आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी 'तांबड्या पर्वता'वर एक लढाई झाली. त्या लढाईत एक अख्खी जमात एका क्षणात नाहीशी झाली, आणि विजयी सेनापती नेरेवर हाही मरण पावला. तो कसा मेला? मंदिराचे अधिकृत म्हणणे असे, की तो जखमांनी मेला आणि त्याचे तीन सहकारी आपल्या पुण्याईने देवपदाला गेले. राखेच्या माळावर भटकणाऱ्या टोळ्यांची मौखिक परंपरा म्हणते, त्या तिघांनीच त्याला मारले: विषारी मेणबत्त्या, विषारी वस्त्रे आणि विषारी मंत्र वापरून. तिसरा वृत्तान्त त्या तिघांपैकीच एका देवाचा. तो मंदिराशी फारकत घेतलेल्या पुरोहितांनी टिपून ठेवलेला आहे आणि उघड्यावर मिळत नाही. लढाईनंतर बऱ्याच काळाने लिहिलेली बखर आणि त्याच आठवड्यात पाठवलेले पत्र यांत विश्वास कशावर ठेवावा, हा वाद आपल्याकडे राजवाड्यांच्या काळापासून चालत आला आहे. तिथे त्या आठवड्यातले पत्र उरलेलेच नाही. उरल्या आहेत त्या सगळ्या बखरीच.

या तिघांतल्या एका देवाचे नाव व्हिवेक. आपल्या कानांना ते 'विवेक' असे ऐकू येते, पण त्याची कृत्ये ऐकल्यावर हा निव्वळ योगायोग समजावा. त्याची छत्तीस प्रवचने खेळात विखुरलेली आहेत. ती मायकेल कर्कब्राइड या लेखकाने लिहिली. भाषा इतकी गूढ, की बहुतेक जण दोन प्रवचनांत पुस्तक मिटतात. ज्यांनी मिटले नाही त्यांना दिसले, की शेवटच्या प्रवचनातल्या परिच्छेदांची आद्याक्षरे इंग्रजीत ओळीने लावली तर 'नीच खून' या अर्थाचे दोन शब्द बनतात. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. त्या आकड्यांप्रमाणे प्रवचनांतून शब्द वेचले तर सलग कबुलीजबाब तयार होतो: हा जन्मतः देव नव्हता, याने देवत्व चोरले, आणि ज्याची सेवा करायची त्याचाच खून केला. खेळात आपण या देवासमोर जाऊन उभे राहू शकतो. तिथे तो सरळ कबुली देत नाही. ती त्याच्या पोथीत आहे, आणि पोथी तर मंदिरच वाटत फिरते! आणखी मौज अशी, की ही कबुली सापडली किंवा न सापडली तरी खेळणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. कसले बक्षीस नाही, शाबासकी नाही. पाच-सहा मराठी कादंबऱ्यांत मिळून मला वाचकावर इतका विश्वास टाकलेला आढळलेला नाही, हे जरा कडवट वाटले तरी बोलून टाकतो.

लेखकांच्या अडचणीतूनही इतिहास कसा जन्मतो त्याचा एक नमुना सांगतो. 'डॅगरफॉल' या खेळाला अनेक शेवट होते. खेळणारा ज्याच्या बाजूने उभा राहील तो राजा जिंकायचा. पुढचा खेळ लिहिताना प्रश्न पडला: यांतला खरा शेवट कोणता मानायचा? कोणताही एक निवडला तर बाकी सगळ्यांचा खेळ खोटा ठरतो. लेखकांनी तोड अशी काढली, की काळच तात्पुरता मोडला आणि परस्परविरोधी सगळे शेवट एकाच वेळी खरे ठरले. मग त्या घटनेवर खेळातल्या विद्वानांनी प्रबंध लिहिले, आणि ते प्रबंध पुढच्या खेळांत फडताळांवर आले. युक्तिवाद म्हणून हे तकलादू आहे. पण तिथल्या विद्वानांची त्रेधातिरपीट मोठी वाचनीय झाली आहे.

२०१४ साली याच मालेत अनेकांनी एकत्र खेळायचा एक खेळ आला, तो 'स्कायरिम'च्या सुमारे साडेनऊशे वर्षे आधीचा. तिथे अडचण उलटी. मागे गेल्यावर पुस्तके कमी करावी लागतात. बरेंझायाचे चरित्र तिथे कसे ठेवणार? तिचा जन्म अजून व्हायचाच होता.

आता 'स्कायरिम'मधली एक जागा, जी मला सगळ्यांत चटका लावून गेली. मार्कार्थ नावाच्या डोंगरातल्या शहरी एका पंडिताचा पुराणवस्तुसंग्रह आहे आणि त्यात एक मोठी शिळा आहे. तिच्यावर दोन भाषांतले लेख कोरलेले आहेत, एक वाचता येणारी आणि दुसरी फाल्मर लोकांची, जी आता कोणाला येत नाही. इजिप्तमधल्या रोझेटाच्या शिळेवरून ही कल्पना घेतली असावी हे उघड आहे. खेळणाऱ्याजवळ एक रोजनिशी असते, एका खून झालेल्या माणसाची, आणि ती त्याने मुद्दाम या मृत भाषेत लिहिली आहे. ती वाचायची तर शिळेची प्रत हवी. म्हणून कागदाची गुंडाळी आणि कोळसा घेऊन रात्री चोरून त्या शिळेचा ठसा घ्यायचा. शिलालेखांचे ठसे घेत डोंगर हिंडलेल्या कोणालाही हा प्रसंग घरचा वाटेल.

पण फाल्मर कोण होते? एके काळची सुसंस्कृत हिमवासी जमात. शत्रूपासून जीव वाचवायला त्यांनी भूमीखाली राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे आसरा मागितला, आणि आसऱ्याची किंमत म्हणून त्यांना आंधळे करण्यात आले. त्यांचे वंशज आजही त्या गुहांत आहेत, हिंस्र आणि दृष्टिहीन. म्हणजे ती भाषा ज्यांची, त्यांना ती शिळा समोर असूनही दिसणार नाही, आणि ती वाचतो तो एक परका पंडित. खेळ हे मुद्दाम कुठे बोलून दाखवीत नाही. दोन निरनिराळी पुस्तके वाचून आपणच जुळवायचे असते.

आणि ज्यांवरून मालेला नाव पडले त्या 'स्क्रोल्स', म्हणजे पुरातन गुंडाळ्या, त्या तर सामान्य माणसाला वाचताच येत नाहीत. वाचणारे पुरोहित क्रमाक्रमाने आंधळे होतात. एखादी घटना घडून गेली की मगच तिच्यापुरता मजकूर स्थिर होतो, असे तिथे मानतात.

ही झाली आतली ग्रंथसंपदा. तिथे ओल्या गुहेत दोन शतके पडलेले पुस्तक उघडले तरी अक्षर पुसलेले नसते. जळालेली, कुजलेली पुस्तकेही फडताळांवर असतात, पण ती मुद्दाम तशी ठेवलेली. खरा धोका बाहेर आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शंभरातले सत्त्याऐंशी आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे तिच्यात दिसून आले. तबकड्या खराब होतात, यंत्रे बदलतात, कंपन्या बुडतात, हक्क कोणाकडे गेले याचा पत्ता लागत नाही. जी पोथी कथेत दोनशे वर्षे टिकली, ती प्रत्यक्षात वीस वर्षे टिकेल याची हमी नाही. आपल्याकडची ताडपत्रे आणि बाडे वाळवीने खाल्ली, पण निदान ती उघडायला जुने यंत्र लागत नव्हते.

'एल्डर स्क्रोल्स'चे नशीब थोडे बरे. कंपनीने पहिला खेळ २००४ साली आणि 'डॅगरफॉल' २००९ साली विनामूल्य खुला केला. 'स्कायरिम'मधला मजकूर २०१५ पासून तीन खंडांत कागदावरही छापून निघाला, म्हणजे पुस्तक पडद्यातून पुन्हा कपाटात आले. बाकीचे काम वाचकांनी केले आहे. १९९५ पासून काही मंडळी प्रत्येक खेळातले प्रत्येक पुस्तक, कोणत्या प्रतीत काय बदलले त्याच्या नोंदींसह, उतरवून ठेवीत आली आहेत. काहींनी तर 'डॅगरफॉल' आजच्या यंत्रांवर चालावा म्हणून त्याचा सांगाडा नव्याने बांधला. या कामाचे त्यांना कोणी पैसे दिलेले नाहीत.

हे व्याख्यान लिहून झाल्यावर मी पुतण्याला तो जुना खेळ लावून दाखवायला सांगितले. चित्रे ओबडधोबड, माणसे कागदी पुठ्ठ्यासारखी. एका गावातल्या पुस्तकांच्या दुकानात आम्ही शिरलो. मला बरेंझायाच्या चरित्रातला तो गाळलेला प्रसंग मूळ जागी पाहायचा होता. बराच वेळ फडताळे धुंडाळली. चरित्राचा एक भाग मिळाला, पण आम्हांला हवा होता तो नव्हे. पुतण्या म्हणाला, "पुढच्या गावात बघू."