नवा खुबा आणि रात्रीची झोंप

आलापल्लीचें नांव सागवानामुळें दूरवर गेलें. परंतु गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशांत सागाइतकीच खोल मुळें धरून बसलेला एक आजार आहे, आणि त्याची ओळख पटण्यास मात्र फार काळ लागला. तो आजार म्हणजे सिकलसेल. १९१० सालीं शिकागो येथील हेरिक या डॉक्टरानें विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. मध्य भारतांत हा दोष आढळतो ही गोष्ट नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनीं १९५८ सालीं वैद्यकीय जगापुढें मांडली. आदिवासी समाजांत आणि इतरही कित्येक जातींत हा दोष आईबापांकडून मुलांकडे येतो. केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें देशव्यापी मोहीम सुरू केली.

आतां या रक्ताच्या आजाराचा खुब्याशीं संबंध काय, असें कोणीही विचारील. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग, ज्याला खुब्याचा गोळा म्हणतात, त्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अत्यंत बारीक असतात. विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी त्यांत अडकल्या कीं गोळ्याचा पुरवठा तुटतो, हाड आंतून मरतें आणि शेवटीं चेपतें. म्हणून इतरत्र जी शस्त्रक्रिया बहुधा उतारवयांत करावी लागते, ती येथें विशी-तिशींतल्या तरुणावर करण्याची वेळ येते. कृत्रिम खुब्याची आजची पद्धत इंग्लंडांतील जॉन चार्नली यांनीं १९६२ सालीं स्थिर केली. धातूचा लहान गोळा गुळगुळीत प्लास्टिकच्या वाटींत फिरावा, ही तिची साधी कल्पना. सांधा बसवणें हें शल्यविशारदाचें काम. तो अंगीं लागणें हें मात्र पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या घरच्या राहणीवर अवलंबून असतें, आणि त्या राहणींत सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे झोंप.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या कांहीं रात्रीं गाढ झोंप जवळजवळ नाहींशी होते. जखमेची आग, वेदनाशामक औषधांचा परिणाम, रुग्णालयांतील दिवे आणि परिचारिकांची ये-जा या साऱ्यांनीं रात्रीचे तुकडे पडतात. घरीं परतल्यावरही कित्येक आठवडे झोंप मोडते. यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं, परंतु उपेक्षा करण्यासारखेंही नाहीं; कारण झोंप कमी झाली कीं तेंच दुखणें अधिक तीव्र भासतें, दुखणें वाढलें कीं व्यायाम चुकतो, आणि व्यायाम चुकला कीं सांधा आखडतो. वेदनेची गोळी केव्हां घ्यावी हें डॉक्टरांना विचारून तिची एक वेळ निजण्याच्या सुमारास बसवून घ्यावी. झोंपेचें औषध मात्र मनानें घेऊं नये. सिकलसेलच्या कांहीं रुग्णांच्या रक्तांतील प्राणवायू झोंपेंत आधींच उतरतो. त्यांत श्वास मंदावणाऱ्या गोळीची भर पडली तर संकट ओढवतें. रुग्ण मोठ्यानें घोरत असेल, किंवा घोरतां घोरतां त्याचा श्वास अडत असेल, तर तें घरच्यांनीं डॉक्टरांच्या कानीं अवश्य घालावें.

येथें पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. सिकलसेलमध्यें मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची शक्ति क्षीण होते. निरोगी माणूस रात्रीं पाणी प्याला नाहीं तर त्याचें मूत्रपिंड शरीरांतलें पाणी राखून ठेवतें. या रुग्णाचें मूत्रपिंड तें राखूं शकत नाहीं. त्याला रात्रींतून तीन-तीन, चार-चार वेळां उठावें लागतें. नव्या खुब्यानें काठी किंवा वॉकर घेऊन, अंधारांत, उंबरा ओलांडून अंगणापलीकडे जाणें म्हणजे केवढी दगदग! मग घरांतील एखादी वडीलधारी बाई प्रेमानेंच सांगते, “बाबू, संध्याकाळपासून पाणी पिऊं नको, म्हणजे उठावें लागणार नाहीं.” सल्ला मायेचा, पण याइतका घातक दुसरा नाहीं. लघवी तर होतच राहते. शरीर मात्र कोरडें पडतें, रक्त दाट होतें, पेशी पुन्हा वाकूं लागतात आणि पहाटे हाडें फोडून काढणारी कळ उठते. पाणी तोडण्याऐवजीं वाट तोडावी. खाटेजवळ लघवीचें भांडें ठेवावें, पायांखालची गोधडी, दोऱ्या, भांडीं दूर करावीं, एक मंद दिवा रात्रभर जळत ठेवावा. पाणी दिवसभर थोडें थोडें पीत राहावें आणि रात्रीं उशाशीं तांब्या असावा. चहा मात्र दुपारनंतर टाळलेला बरा.

खाटेचाही विचार करावा लागतो. सुंभाची किंवा पट्टीची सैल बाज मधोमध झोळीसारखी खचते. कंबर खालीं जाते, गुडघे वर येतात आणि खुबा नेमका जितका वाकूं नये तितका वाकतो. जमिनीवरील अंथरूणही आरंभीं वर्ज्य समजावें, कारण तेथून उठतांना तोच प्रकार होतो. बाजेवर फळ्या टाकून वर गादी घालावी आणि तिची उंची अशी ठेवावी कीं कडेला बसल्यावर गुडघा खुब्याच्या खालीं राहील. उताणें निजावें, कुशीवर निजण्याची परवानगी मिळाल्यावर दोन्ही गुडघ्यांमध्यें जाड उशी ठेवावी, म्हणजे पाय एकमेकांवर पडणार नाहींत. शौचासाठीं उकिडवें बसणें बंद. भोंक पाडलेली मजबूत खुर्ची गांवचा सुतारही करून देतो. पुढें केव्हां आणि कितपत वाकावयाचें हें ज्यानें शस्त्रक्रिया केली त्याचेंच ऐकावें, कारण पद्धतीप्रमाणें नियम बदलतात.

मच्छरदाणी ही येथें चैनीची वस्तु नव्हे. गडचिरोली जिल्हा हिवतापाचा, आणि सिकलसेलच्या रुग्णाला हिवताप झाल्यास तो साध्या माणसासारखा निभावून जात नाहीं. मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचलेल्या असाव्या. थंडीच्या दिवसांत ऊब राखावी, कारण गारठ्यानेंही कळ उठते. परंतु बंद खोलींत शेकोटी नको. तिच्या धुरांतील विषारी वायू रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो.

खर्रा हा विषय टाळून चालणार नाहीं. तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला हा पदार्थ या भागांत पाहुणचाराला ठेवतात, आजाऱ्याच्या भेटीलाही आणतात. तंबाखूंतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतें, जखम उशिरा भरते, शिवाय मेंदूला जागें ठेवतें. मोहाच्या दारूविषयीं उलट समज आहे, कीं तिनें झोंप येते. डोळा लागतो खरा, पण मध्यरात्रीं उतरतांना झोंप मोडते, अंग कोरडें पडतें आणि तोल जातो. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें ‘मुक्तिपथ’ हें काम दारू व तंबाखू या दोहोंविरुद्ध सुरू झालें; तरीही रुग्णाच्या खाटेपाशीं पहारा घरच्यांनींच करावयाचा असतो.

चैत्रांत मोहफुलें वेंचण्यासाठीं घरें पहाटेपूर्वींच जागीं होतात, आणि मे महिन्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. दोन्ही कामें वांकून करावयाचीं. घर कामाला निघालें असतां तरुण रुग्णाला खाटेवर पडून राहण्याची लाज वाटते. त्याला पानांचीं पुडकीं मोजण्याचें, उंच खुर्चीवर बसून करण्याचें काम द्यावें. सकाळचें कोंवळें ऊन घेत अंगणांत फेऱ्या घालाव्या, दिवसां लांब निजूं नये. रात्रीची झोंप त्यानेंच परत येते. दर तासाला घोटे वर-खालीं हलवावे आणि दीर्घ श्वास घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया किंवा फॉलिक ॲसिड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवूं नये.

ताप, छातींत दुखणें, धाप, जखमेंतून पू, एका पोटरीला सूज, किंवा एकाएकीं पाय आंखूड होऊन टेकवेनासा होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. आलापल्लीहून अहेरीचें रुग्णालय जवळ आहे. भामरागडच्या बाजूची गोष्ट निराळी. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं तो रस्ता बंद होतो. तिकडच्या रुग्णानें शस्त्रक्रिया शक्य तों पाऊस संपल्यावर ठरवावी, अथवा पहिले दोन महिने नदीच्या अलीकडे, आलापल्लीस किंवा अहेरीस एखाद्या सोयऱ्याकडे काढावे.