आटेदुरुस्ती, लेथवरील

यंत्रभागावरील चेपलेले, गंजलेले किंवा नटात अडकणारे आटे लेथवर पुन्हा मूळ आकारात आणण्याची क्रिया. नवे आटे पाडताना कोऱ्या पृष्ठावर कोठूनही सुरुवात करता येते. दुरुस्तीत मात्र हत्यार आधीच्या खाचेतच नेमके उतरवावे लागते. या कामातील खरे कौशल्य एवढ्यातच आहे. हत्यार थोडे जरी बाजूस पडले, तरी आट्याची चांगली बाजू कापली जाते आणि अडकणारा नट कायमचा सैल होतो.

आटे अडकण्याची कारणे निरनिराळी असतात. हातोड्याच्या घावाने पहिले एकदोन आटे चेपतात व त्यांची धातू बाजूस फुगते. अगंज पोलादाच्या बोल्टात दाबाखाली पृष्ठावरील ऑक्साइडाचा पातळ थर फाटून नट व बोल्ट यांची धातू एकमेकींस चिकटते. अतिरिक्त ताणाने बोल्ट लांबला असल्यास आट्यांमधील अंतरच वाढलेले असते. असा बोल्ट दुरुस्त न करता टाकून देणे इष्ट. एंजिनाच्या संयोगी दांड्याच्या बोल्टांसारखे उच्च ताणाचे बोल्टही बदलावेत, कारण त्यांचे आटे बहुधा लाटून केलेले असतात आणि कापण्याने लाटलेल्या पृष्ठाचे बळ नाहीसे होते. दुरुस्ती शोभते ती जेथे भाग बदलणे अवघड असते तेथे, म्हणजे लांब दंड, जुन्या यंत्राचे भाग इत्यादींवर.

काम सुरू करण्यापूर्वी आटे रॉकेल व तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून त्यांचा प्रकार ओळखावा लागतो. भारतात १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्यापूर्वीच्या अनेक यंत्रांवर ५५° कोनाचे व्हिटवर्थ आटे आढळतात, तर मेट्रिक आट्याचा कोन ६०° असतो. ३/४ इंची व्हिटवर्थ बोल्टाला इंचास १० आटे, म्हणजे २·५४ मिमी. अंतराल असतो, २० मिमी. व्यासाच्या सामान्य मेट्रिक बोल्टाचा अंतराल २·५ मिमी. असतो. दहा आट्यांमागे हा फरक केवळ ०·४ मिमी. पडतो, त्यामुळे दोनतीन आट्यांवर मापक टेकवून निर्णय घेणाऱ्याची सहज फसगत होते. शक्य तितक्या जास्त आट्यांवर मोजणे हाच त्यावर उपाय.

बोल्ट दोन सेंटरांमध्ये, किंवा जबड्यांखाली तांब्याची पट्टी घालून चकमध्ये पकडतात व तो डगमगत नाही हे डायल मापकाने पाहतात. गिअर योग्य अंतरालास लावून, आट्याच्या कोनाचे हत्यार मापकाने बोल्टाच्या अक्षाशी काटकोनात बसवितात. नंतर हत्यार पृष्ठापासून दूर ठेवून अर्धनट लावतात व स्पिंडल हाताने कापण्याच्याच दिशेने थोडे फिरवितात. ही पायरी गाळता कामा नये. तिच्यामुळे गिअर आणि लीड स्क्रू यांमधील मोकळीक भरून निघते. स्पिंडल थांबवून कंपाउंड व क्रॉस-स्लाइडने हत्यार न बिघडलेल्या आट्याच्या खाचेत आणतात. खाली पांढरा कागद धरून भिंगातून पाहिल्यास हत्याराच्या दोन्ही बाजूंस प्रकाशाची सारखीच रेघ दिसली पाहिजे. मग क्रॉस-स्लाइडची तबकडी शून्यावर आणतात.

इंची लीड स्क्रूच्या लेथवर मेट्रिक आटे दुरुस्त करताना १२७ दात्यांचा गिअर वापरतात (१ इंच = २५·४ मिमी.) आणि काम पुरे होईपर्यंत अर्धनट सोडत नाहीत, प्रत्येक फेरीनंतर हत्यार मागे घेऊन स्पिंडल उलटे फिरवून परत आणतात.

आट्यांवर मोरचुदाचा पातळ द्रव लावल्यास पोलादावर तांब्याचा लालसर थर बसतो. मंद वेगाने, भरपूर तेल सोडून, एकावेळी ०·०२ ते ०·०५ मिमी. एवढेच हत्यार आत घेतात. फुगलेली धातू निघून चांगल्या बाजूंवरील थर नुकताच पुसला जाऊ लागला, की कापणे थांबवावे. तपासणी नव्या नटाने किंवा आटेमापकाने करतात. जुना नट स्वतःच बिघडलेला असण्याचा संभव असतो.

बोल्टाची धातूच झिजली असल्यास वितळजोडाने भर घालून, व्यास कातून नवे आटे पाडतात. छिद्रातील आटे गेल्यास छिद्र मोठे करून त्यात आटे पाडलेली बुशी किंवा तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे बसवितात. ॲल्युमिनियमाच्या भागांत हा उपाय विशेष उपयोगी पडतो.