किट नंतर मागवा

बीड जिल्ह्यात हुन्नरी हातांची वाण कधीच नव्हती. केज, धारूर, गेवराई, कुठल्याही तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान सापडतं आणि तिथला कारागीर जळालेली पाणबुडी मोटार पुन्हा बोअरमध्ये सोडण्याजोगी करून देतो. त्यामुळे छंद म्हणून रोबोट करू पाहणाऱ्या इथल्या मुलांना चाकं बसवणं, वायरी जोडणं, सोल्डरिंग करणं फारसं जड जात नाही. घोडं अडतं ते पुढे. कुरिअरने आलेल्या किटसोबत आयता कोड असतो. तो किटमधल्या बोर्डात टाकला की रोबोट-गाडी काळ्या पट्टीवरून धावते, विज्ञान प्रदर्शनात कौतुक होतं आणि शिकणं तिथंच संपतं. पट्टी पांढरी आणि जमीन काळी केली तर कोडात काय बदलायचं, हे विचारलं की सगळे गप्प.

म्हणून आधी प्रोग्रामिंगची भाषा. अर्डुइनो हा बोर्ड 2005 साली इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. त्याचा कोड मुळात सी++ मध्येच लिहितात. सी आणि सी++ मराठीतून शिकवणारी चांगली सोय मुंबईच्या आयआयटीने केली आहे, ती म्हणजे ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर चाललेलं काम आणि सोबत मराठी निवेदन. पाठ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः टंकायचं, मग पुढे जायचं. नुसतं बघत बसलात तर काही हाती लागणार नाही. यूट्यूबवरच्या चकचकीत व्हिडिओंपेक्षा मला हे रूक्ष पाठ जास्त उपयोगाचे वाटतात, कारण ते हाताला कामाला लावतात.

दुसरी पायरी सिम्युलेटरची. ‘टिंकरकॅड’ आणि ‘वोकवी’ ब्राउझरमध्ये चालतात. त्यांत अर्डुइनो, सेन्सर, मोटार सगळं पडद्यावरच जोडता येतं. उलटी वायर लावली तरी खिशाला चाट बसत नाही. इथे एक गोष्ट पक्की करून घ्यावी. नवशिक्याच्या कोडात जिथेतिथे ‘डिले’ असतो. डिले 1000 म्हणजे एक सेकंद प्रोग्राम तिथेच खोळंबतो, सेन्सर वाचत नाही. गाडी सेकंदाला 30 सेंटिमीटर जात असेल, तर तेवढं अंतर ती आंधळी धावते आणि भिंतीवर आपटते. दोष सेन्सरच्या माथी मारला जातो. उपाय ‘मिलिस’. हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगतं. मागची नोंद आताच्या आकड्यातून वजा करायची आणि वेळ भरली असेल तरच काम करायचं. दरम्यान बाकीचा कोड फिरत राहतो. हा आकडा साधारण 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, पण वजाबाकीची पद्धत नीट वापरली तर तेव्हाही गणित चुकत नाही. माझ्या लेखी छंदी आणि जाणकार यांच्यातली सीमारेषा इथेच आहे.

त्यानंतर पीआयडी, म्हणजे चूक मोजून ती सतत सुधारत राहण्याची नियंत्रणपद्धत. पट्टीपासून गाडी जितकी सरकली तितकंच वळवायचं, एवढाच नियम ठेवला तर ती औताला नव्याने जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखी तास सोडून डावी-उजवीकडे ओढत राहते. चूक किती वेगाने बदलते आहे, तेही हिशेबात धरलं की चाल सरळ होते. वाचून हे कळत नाही. आकडे बदलत, सीरियल मॉनिटरवर बघत बसावं लागतं.

इथवर आलेल्या बीड-अंबाजोगाईच्या तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आयआयटी मुंबईच्याच ‘ई-यंत्र’ रोबोटिक्स स्पर्धेकडे वळावं. ती 2012 पासून भरते. मला तिचं मोल बक्षिसासाठी वाटत नाही. काम टप्प्याटप्प्याने दिलं जातं आणि प्रत्येक टप्प्याचं शिक्षणसाहित्य सोबत मिळतं. पुढे ‘रॉस 2’ ही रोबोटसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली शिकायची तर लिनक्सची सवय लागतेच, तिचेही पाठ स्पोकन ट्युटोरियलवर आहेत. गणित पेलत असेल तर लिंच आणि पार्क यांचं ‘मॉडर्न रोबोटिक्स’ हे पुस्तक इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे.

प्रत्यक्ष जाऊन शिकण्याच्या जागा मात्र अजून विरळ. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली उभारलेला विज्ञान आश्रम खेड्यातल्या मुलांना हाताने करत शिकवतो, आणि फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, तिथे 2002 मध्येच पोचली. टाटा टेक्नॉलॉजीजच्या मदतीने बीडलाही प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणा 2025 साली झाली. शाळांसाठी केंद्र सरकारची ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजना आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आपल्या शाळेत ही लॅब असेल, तर ती आठवड्यातून किती तास उघडी असते, हे पालकांनी जरूर विचारावं. लॅब उद्घाटनासाठी नसते.

मुलांनो, या दिवाळीच्या सुट्टीत किट मागवण्याची घाई करू नका. टिंकरकॅडवर दोन एलईडी जोडा. एक अर्ध्या सेकंदाने लुकलुकू दे, दुसरा पाऊण सेकंदाने, आणि कोडात डिले एकदाही येऊ देऊ नका. ते जमलं की खुशाल मोटार मागवा.