पाणी अडविणारे कडे

वाळूत हरवलेली अंगठी किंवा उथळ पाण्यात पडलेले नाणे हुडकून देणारे धातुशोधक यंत्र पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आपल्याकडे येते. नव्याची किंमत भारी; म्हणून वापरलेले घेण्याकडे माणसाचा कल होतो. घेताना तो नाण्यावरून चकती फिरवून पाहतो आणि आवाज आला की समाधान पावतो. परंतु ही परीक्षा झाली यंत्राच्या विद्युत्-अंगाची. त्यात पाणी शिरेल की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. आणि ते कळावे म्हणून यंत्र थेट समुद्रात बुडविणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय.

पाण्यात चालणाऱ्या यंत्राची चकती बहुधा राळेत कायमची बंद केलेली असते. भीती असते ती बॅटरीच्या झाकणापाशी आणि तारांच्या जोडापाशी. तेथे खाचेत रबराचे एक बारीक कडे बसविलेले असते. कारागीर त्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात. झाकण आवळले की कडे चेपते, आणि पुन्हा गोल होण्याच्या त्याच्या धडपडीमुळेच ते दोन्ही पृष्ठभागांना घट्ट भिडून राहते. पाणी अडते ते या उसळीने. ती गेली की कडे जागेवर असूनही नसल्यासारखेच. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाला अपघात होऊन सात अंतराळवीर मृत्यू पावले, त्याचे मूळ थंडीने उसळी हरवलेल्या अशाच, परंतु प्रचंड आकाराच्या, कड्यापर्यंत पोहोचले. चौकशी-समितीचे एक सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा शिकंजात दाबून बर्फाच्या पाण्यात ठेवला, आणि सोडविल्यावर तो चटकन पूर्ववत् होत नाही हे सर्वांसमक्ष दाखविले.

आपल्या यंत्रातील कड्याची उसळी हरते ती बहुधा थंडीने नव्हे, तर वर्षानुवर्षे चेपून राहिल्याने. म्हणून कडे काढून बोटांत फिरवून पाहावे. ते दोन बाजूंनी चपटे लागले, तर दिसावयास कितीही काळेभोर असले तरी निकामी समजावे. उजेडात किंचित वाकविले असता बारीक भेगा दिसल्या, तरी निर्णय तोच. काढण्यासाठी सुई किंवा पेचकस मुळीच वापरू नये. खाचेवर एक आडवा ओरखडा उठला, तर नवे कडेही पाणी अडवू शकणार नाही. लाकडी काडी पुरते. खाचेतील वाळू, मिठाचे कण, इतकेच काय, एखादा केससुद्धा टिपून घ्यावा. केसाच्या कडेने पाण्याला वाट मिळते.

नवे कडे घेताना जुन्याचे माप प्रमाण मानू नये, कारण ते ताणलेले व चेपलेले असते. यंत्राच्या माहितीपुस्तकातील आतला व्यास व जाडी पाहावी. त्यावर सिलिकोन ग्रीसचा नुसती चकाकी येईल इतकाच हात फिरवावा. पाणी थोपविणे हे ग्रीसचे काम नव्हे. कडे न पिळता बसावे एवढ्यासाठी ते असते. जास्त झाले की वाळू धरते. कडे सिलिकोन रबराचेच असेल, तर हे ग्रीस त्याला फुगविते; तेथे ते वर्ज्य.

मग बॅटरी काढून आत कोरडा टीपकागद ठेवावा, आणि झाकणाचा भाग अर्धा तास बादलीत बुडवावा. कागद कोरडा निघाला तर उथळ पाण्यापुरती निश्चिंती झाली. खोल पाण्याची हमी बादली देत नाही, कारण दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो.

उथळ पाण्यातही एक कावा आहे. उन्हात ५० अंशांपर्यंत तापलेले यंत्र २५ अंशांच्या पाण्यात घातले, की आतल्या बंदिस्त हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. सुमारे पाऊण मीटर खोल पाण्याचा भार बाहेरून पडावा, तेवढी ही ओढ असते. आणि ती घोटाभर पाण्यातही लागू होते. तापलेले यंत्र आधी सावलीत निवू द्यावे, मग पाण्यात न्यावे.